पावसाळ्यात घरी सायकलिंगसाठी रोलर घ्यावा की स्मार्ट ट्रेनर?

"रोलर म्हणजे सर्कस, पडशील, गपचूप स्मार्ट ट्रेनर घे" असं मित्र म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. हेच वाक्य मी आमच्या घरात ऐकलंय, माझ्या धाकट्या दिरांकडून, तेही गौरीच्या जेवणाला सगळे पानावर बसलेले असताना. म्हणून उत्तर लिहायला घेतलं, नाहीतर मी इथे नुसती वाचणारी.

तुमचं म्हणणं असं की डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, सायकल हायब्रिड, पावसात आणि खड्ड्यांत बाहेर जाता येत नाही आणि नोव्हेंबरात पहिली २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायचीय. माझं उत्तर रोलर, म्हणजे जमिनीवरच्या चौकटीत फिरणारे तीन ड्रम, त्यांवर सायकल न बांधता नुसती ठेवून चालवायची; स्मार्ट ट्रेनर म्हणजे सायकल घट्ट धरून ठेवणारा आणि ताकद वॉटमध्ये मोजणारा स्टँड. मित्राला ट्रेनर आवडत असेल तर त्याने त्याच्या घरी ठेवावा.

माझा रोलर विकतचा नाही. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला होते, तेव्हा आमचं जॉबवर्क भोसरीतल्या एका छोट्या शॉपमध्ये जायचं, तिथे एक वयस्कर टर्नर होते, त्यांना सगळे मामाच म्हणायचे. बाहेरून रोलर मागवायचा तर ड्युटीसकट जो भाव होत होता तो ऐकून म्हटलं, यात आहे काय, तीन पाइप, सहा बेअरिंग आणि एक बेल्ट, आपल्याकडे मशिनं आहेत, माणसं आहेत. मामांना कागदावर स्केच काढून दिलं. १०० मिलिमीटरचे ड्रम, १५ चा शाफ्ट, ६२०२ बेअरिंग. मामा म्हणाले, "ताई, पाइप आणा, संध्याकाळपर्यंत देतो."

संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. बाजारातून येतो तो अ‍ॅल्युमिनियमचा पाइप गोल दिसतो पण गोल नसतो, लेथला बांधून डायल (गोलाई तपासायचं काट्याचं मापक) लावला की काटा नाचायला लागतो. मामांचं म्हणणं, सायकलला एवढं काय बघायचं, विमान उडवायचंय का. मी त्यांना हिशेब दाखवला, की सायकल ताशी ३० ने चालली तर हा १०० चा ड्रम मिनिटाला साधारण १६०० फेरे मारणार, आणि १६०० ला पाइप वेडावाकडा असेल तर सायकल थरथरेल आणि खालच्या मजल्यावरचे वर येतील. हे ऐकल्यावर माणूस असा काही पेटला की विचारू नका. दोन्ही टोकांना नायलॉनची झाकणं बसवली, त्यातच बेअरिंगची सीट, आणि झाकणं बसवल्यावर अख्खा ड्रम दोन सेंटरमध्ये धरून वरून एकाच सेटिंगमध्ये हलका कट मारला. पाइपची भिंत जाड घेतली होती म्हणून तेवढं मटेरियल निघू शकलं, पातळ पाइपला हे करायला गेलात तर हातात पत्रा येईल. मग परत डायल लावला, काटा जवळजवळ जागेवर. मामांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि शेजारच्या मशीनवरच्या पोराला हाक मारून दाखवलं.

मागच्या ड्रमचं फिरणं पुढच्या ड्रमला देणाऱ्या बेल्टसाठी पीयूचा (पॉलियुरेथेनचा) गोल पट्टा, तो कन्व्हेअरला लागतो तोच, मीटरवर मिळतो. दोन्ही टोकं काटकोनात कापायची, गरम पत्र्यावर एकदमच टेकवायची, वितळायला लागली की एकमेकांवर दाबून धरायची आणि गार होईपर्यंत अजिबात हलवायचं नाही, मग जोडाला जो मणी फुगून बाहेर येतो तो ब्लेडने तासायचा. तासला नाही तर प्रत्येक फेऱ्याला टक् टक् वाजतं. मी तासला होता, आणि माझा जोड अजून तुटलेला नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण भाऊजींनी त्या दिवशी पहिलं बोट ठेवलं ते याच जोडावर, "वहिनी, हा तुटला तर?"

तुटला तर पुढचं चाक हळूहळू थांबतं, तोल जायला लागतो, पाय टेकायचा. संपलं.

भाऊजींकडे डायरेक्ट ड्राइव्हवाला स्मार्ट ट्रेनर आहे, समोर टीव्ही, झ्विफ्ट (घरातल्या सायकलिंगचं अ‍ॅप) चालू, मागचं चाक काढून ठेवलेलं. अडीचशे वॉट अमुक मिनिटं, तीनशे वॉट तमुक मिनिटं, हे आकडे आम्हाला श्रीखंडाबरोबर ऐकवले जातात. ते असू दे. पण त्या गौरीला पॅसेजमध्ये माझा रोलर बघून ते म्हणाले, ही सर्कस आहे, ट्रेनिंग नाही. मी म्हटलं, चढून दाखवा. सासूबाईंना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की नको असताना याची घडी होते का.

चढले. दोन्ही कोपर ताठ, हँडल आवळलेलं, नजर पुढच्या चाकावर. मी सांगतेय की समोर दाराकडे बघा, खांदे सोडा, पण आकडेवाल्या माणसाला सांगून उपयोग नसतो. सायकल डावीकडे गेली, त्यांनी घाबरून हँडल हिसकलं आणि उजव्या भिंतीला खांदा. भिंतीवर बार टेपचा काळा पट्टा उमटला तो अजून तिथे आहे, मी पुसू देत नाही. पडले नाहीत हां, भिंत होती. उतरल्यावर पहिलं वाक्य, "याला रेझिस्टन्सच नाही, याचा उपयोग काय?" आणि दुसरं, "रस्त्यावरच्या तोलाशी याचा संबंध नाही, इथे चाकं गरगर फिरतात म्हणून जायरोस्कोपने सायकल उभी राहते."

आता हे दुसरं वाक्य मला झोंबलं कारण मी मेकॅनिकल शिकलेली आहे आणि ते नाहीत. सायकल जायरोस्कोपने उभी राहते ही जुनी समजूत. २०११ साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या लोकांनी 'सायन्स' या नियतकालिकात पेपर छापला होता, त्यात जायरोचा परिणाम काढून टाकलेली सायकल बनवून ती ढकलून सोडली तरी स्वतःहून सरळ जाते हे दाखवलं होतं. आणि वर माणूस बसला असेल तर मुख्य काम स्टिअरिंगचं. ज्या बाजूला पडायला लागता त्या बाजूला हँडल जरासं वळतं, चाकं परत तुमच्या वजनाखाली येतात. रस्त्यावर तेच, रोलरवर तेच. म्हणून तर पुढच्या ड्रमला बेल्ट लागतो, पुढचं चाक फिरत नसेल तर हँडल वळवून ते बाजूला सरकणारच नाही. म्हणजे रोलरवर जो तोल शिकता तो रस्त्यावरचाच तोल आहे, फक्त इथे चूक लगेच दिसते कारण जागा फूटभर आहे. ट्रेनरवर सायकल बांधलेली. तिथे तुम्ही दोन तास हँडलवर झोपलात तरी ती सरळच.

आणि "सुटून समोरच्या भिंतीवर आदळशील" हे जे तुमच्या मित्राने सांगितलंय त्याचाही हिशेब करा. रस्त्यावर ३० च्या वेगात तुम्ही आणि सायकल मिळून ७० किलो धरले तर साधारण २४०० ज्यूल ऊर्जा असते. रोलरवर तुम्ही जागेवरच आहात, फिरताहेत फक्त चाकं आणि ड्रम, तो आकडा शंभर-दोनशेच्या घरात येतो आणि त्यातलाही बराचसा घासण्यात जातो. ड्रमवरून उतरलात तर बाजूला धप्पकन पडाल, कोपर खरचटेल, टीव्ही फोडणार नाही.

रेझिस्टन्सचं म्हणाल तर हो, कमी असतो. रस्त्यावर हवा असते, वेग वाढला की हवेला लागणारी ताकद त्याच्या घनात वाढते, रोलरवर हवा नाही, नुसतं टायर आणि ड्रमचं घर्षण. त्यामुळे रोलरवर ४० दिसलं म्हणून फोटो टाकू नका. ड्रम जितका लहान तितका जड लागतो, टायर त्यात जास्त दबतं म्हणून. हलकं वाटलं तर गिअर वाढवायचा. पण मुळात रोलरवर ताकद कमवायची नसते, पाय गोल फिरवायला शिकायचं असतं. ९५-१०० कॅडेन्सला (मिनिटाला पेडलचे फेरे) सीटवर उड्या न मारता बसता येतंय का बघा, जे टाचा मारत पेडल मारतात त्यांची सायकल प्रत्येक स्ट्रोकला झोकांड्या खाते आणि ते मीटरवर नाही, डोळ्यांसमोर दिसतं. टीव्हीवर ट्रॅक सायकलिंग लागलं तर मधल्या मोकळ्या जागेत बघा, शर्यतीआधी बरेच जण रोलरवर पाय मोकळे करत असतात, त्यांना काय ट्रेनर परवडत नाही का?

माझा खरा राग वेगळाच आहे. नंतर एकदा आम्ही कात्रजच्या जुन्या घाटाने निघालो होतो, भाऊजी माझ्या पुढे. पाण्याची बाटली काढायला हात खाली गेला आणि सायकल सव्वा-दीड फूट उजवीकडे, मागून टेम्पो. टेम्पोवाल्याने वेळेत पाहिलं, शिवी घातली, गेला. भाऊजी म्हणाले त्याची चूक. अडीचशे वॉट काढणाऱ्या माणसाला एका हाताने सरळ रेषेत सायकल चालवता येत नाही आणि चूक टेम्पोवाल्याची! रोलरवर बाटली काढून पाणी पिऊन परत ठेवता यायला लागलं की रस्त्यावर ते आपोआप येतं. बीआरएमला २०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात, त्यात शेकडो वेळा बाटलीला हात जाणार, निम्म्या वेळा हायवेच्या कडेला, शेवटी शेवटी अंधारात. तुम्हाला वॉट हवेत का सरळ रेषा?

बरं, आता सुरुवात कशी. दाराच्या चौकटीत किंवा पॅसेजमध्ये लावा, दोन्ही बाजूंना हात टेकता आला पाहिजे. पहिले काही दिवस साधे बूट, पेडलला अडकणारे क्लिपवाले नकोत. गिअर मधला, एकदम हलक्या गिअरवर सायकल जास्त डगमगते. एक हात चौकटीवर ठेवून पेडल मारत राहा, वेग आला की हात नुसता टेकवा, मग सोडा. नजर चार-पाच हात पुढे. चाकाकडे बघितलंत की गेलात. उभं राहायचं तर आधी दोन गिअर जड करा. हायब्रिडचा व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) बहुतेक वेळा रोड सायकलपेक्षा लांब असतो, तर पुढचा ड्रम तेवढा पुढे सरकतो ना ते घेण्याआधी मोजून बघा, पुढचं अ‍ॅक्सल जवळपास ड्रमच्या वर यायला हवं. टायर गुळगुळीत लागतील, खाचांचे टायर रोलरवर घरघर करतात. पावसातून आलेली सायकल तशीच चढवू नका, टायर पुसून घ्या.

पंखा लागणारच, वारा नाही म्हटल्यावर घाम बदाबदा गळतो आणि तो थेट हेडसेटवर (हँडल जिथे वळतं तिथल्या बेअरिंगवर), बोल्ट गंजतात, टॉप ट्यूबवर, म्हणजे वरच्या दांड्यावर, टॉवेल टाका. प्लास्टिकच्या ड्रमवर कधीकधी स्टॅटिक चार्ज साठतो, उतरून नळाला हात लावला की चटका बसतो, घाबरू नका.

आता थोडं दुसऱ्या बाजूचंही सांगते नाहीतर कोणीतरी खाली येऊन सांगेलच. घाटात भाऊजी मला मागे टाकतात, दरवेळी, आणि ते ट्रेनरमुळेच. ठरलेल्या वॉटला मोजून मापून इंटरव्हल (आलटून पालटून जोरात आणि हळू) करायचे असतील तर रोलर त्या कामाचा नाही, थकलेल्या पायांनी तोल सांभाळत जीव काढायला मजा येत नाही. तासाभरापेक्षा जास्त मला रोलरवर बसवत नाही, सीटवरून हलता येत नाही म्हणून बूड बधिर होतं, त्यामुळे २०० ची तयारी नुसत्या रोलरवर होणार नाही, पाऊस उघडला की लांबच्या राइड बाहेर कराव्याच लागतील. घरात रांगतं मूल असेल तर रोलर आणूच नका, बेल्ट आणि ड्रमच्या मध्ये बोट जायला क्षण लागत नाही, हे मी भांडणातही मान्य केलेलं आहे. चक्कर येण्याचा त्रास असेल तरीही नको.

आवाजाचं तुम्ही विचारलंय ते राहिलंच. ड्रम सरळ असेल तर हलकी गुणगुण येते, खाली जाड रबरी मॅट टाका आणि पहाटे साडेपाचला चालवू नका, एवढं पुरतं. आमच्या खालच्या काकूंनी एकदाच विचारलं होतं, मिक्सर एवढा वेळ का चालतो. फ्लॅटचा स्लॅब कसा आहे त्यावरही आहे, ते मला इथून काय कळणार.

बजेट तुम्ही लिहिलं नाही. आधी सेकंड हँड बघा, लोक हौसेने घेतात आणि दोनदा पडून विकायला काढतात. जाऊन प्रत्येक ड्रम हाताने फिरवा, कडेला पेनचं टोक जवळ धरा, टोक आणि ड्रममधली फट फिरताना कमी-जास्त होत असेल तर सोडून द्या. बेअरिंग खरखरत असेल तर चालेल, ती स्वस्तात बदलता येतात. बेल्ट कडक झाला असेल किंवा त्याला चिरा पडल्या असतील तर तेवढ्यावरून भाव पाडून मागा.