शेततळ्याच्या हिरव्या पाण्याने शुक्राणू कमी होतात का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की शेतात राहतो, शेततळ्याचं हिरवं पाणी पितो, लग्नाला तीन वर्षं झाली तरी मूल नाही, तर दोष पाण्याचा का? मला आधी एक सांगा, तुमची वीर्यतपासणी झाली का? बायकोच्या सोनोग्राफीपासून सगळं लिहिलंय, स्वतःबद्दल एक अक्षर नाही.

मी भडगावकडचा. आमच्या घरी हेच झालं. बायकोने अडीच वर्षं गोळ्या खाल्ल्या, दर महिन्याला एसटीने जळगावची खेप, नवस वेगळेच. तेव्हा पाण्याचं नाव कोणी काढलं नाही. मग माझा रिपोर्ट आला. संख्या कमी, हालचाल मंद. त्याच रात्री जेवताना नाना म्हणाले, "तुनामा खोट नही, पानीमा शे." झालं, शेततळं गुन्हेगार! बायकोही तेच पाणी पीत होती, पण तिच्या वेळी खोट तिच्यातच होती.

दुसऱ्या दिवशी दादाने मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) पुरचुंडी काठीला बांधून शेततळ्यात फिरवली. दोन-तीन दिवसांत कडेची पोपटी साय गेली, पाणी नितळ. दादा ओंजळ भरून प्यायला निघाला, मी हात धरला. ते भांडण अजून मिटलेलं नाही. अहो, निळं-हिरवं शेवाळ मेलं की त्याच्या पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात उतरतं. ऑस्ट्रेलियात पाम बेटावर 1979 साली धरणात मोरचूद टाकल्यावरच शंभरावर लोक आजारी पडले, त्यात बहुतेक मुलं. हे विष उकळूनही जात नाही.

आता तुमचा प्रश्न. या शेवाळातलं मायक्रोसिस्टिन नावाचं विष मुख्यतः यकृत बिघडवतं. उंदरांना दिलं तेव्हा वृषणातल्या पेशींना इजा झाली, शुक्राणू घटले, त्यांची हालचाल मंदावली, टेस्टोस्टेरॉन उतरलं. माणसांबाबत इतका ठोस पुरावा नाही. तरी ते पाणी प्यायचं बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभर प्यायच्या पाण्यात या विषाची लिटरला 1 मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा ठेवलीय, आणि ते डोळ्याला दिसत नाही.

पण पाण्यावर ढकलून घरी बसू नका. माझ्या वृषणाच्या शिरा फुगलेल्या निघाल्या, व्हेरिकोसील म्हणतात. शेततळं खोदून दोनच वर्षं झालेली, वृषणातलं दुखणं मात्र कॉलेजपासूनचं. लाजेने बोललो नाही, भोगलं बायकोने. तपासणीआधी 2 ते 7 दिवस संबंध टाळा, आणि एका रिपोर्टवर खचू नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून तीनेक महिन्यांनी परत करतात.

मी डॉक्टर नाही. आणि प्रत्येक हिरवं पाणी विषारी नसतं. काठी घातल्यावर दोऱ्यासारखं गुंडाळून येतं ते शेवाळ वेगळं. पोपटी रंग सांडल्यासारखी साय असेल तर जनावरंही तिथे पाजू नका. वाऱ्याने ती एकाच कडेला गोळा होते, आणि आमची म्हैस नेमकी तिथेच तोंड घालते. दादाला हेही पटत नाही.