गाडीवाली ताई: मामाची पालिओ, भाच्याची टर्बो आणि ताम्हिणी

या वेळी पत्रं कमी आलीत पण फिरून फिरून सगळी एकाच गोष्टीवर येतायत, जुन्या चटपटीत हॅचबॅक. म्हणून बाकीच्यांची बॅटरी आणि मायलेजची पत्रं पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न: ताई, माझ्याकडे मागच्या वर्षी घेतलेली टर्बो हॅचबॅक आहे, १२० पीएस (म्हणजे घोडे), सनरूफ, सहा एअरबॅग, सगळं. दिवाळीत मामाची २००२ ची फियाट पालिओ १.६ घेऊन ताम्हिणीला गेलो. एसी बंद, डाव्या बाजूची काच खाली जात नाही, आणि तरी परत येताना मी एकटाच गाडीत हसत होतो. पुढच्या रविवारी मुद्दाम त्याच रस्त्यानं माझी गाडी घेऊन गेलो, लवकर पोचलो पण कंटाळा आला. माझा जन्म ९८ चा, मला कसला आलाय नॉस्टॅल्जिया! माझे पैसे वाया गेले का?
— बाणेरचा एक वाचक

ताई: पैसे नाही रे वाया गेले, रोज हिंजवडीला जाताना ती पालिओ घेऊन जा म्हणजे आठवड्यात कळेल पैसे कुठे गेलेत ते. पण तू जे म्हणतोयस ते खरंय, आणि तो नॉस्टॅल्जिया नाहीये. माझ्या दारात पण २००२ ची १.६ जीटीएक्स उभी आहे त्यामुळे मी तटस्थ वगैरे नाही हे आधीच सांगून टाकते.

कसं आहे ना, मुळशी सोडून पुढे गेलास की घाटातल्या वळणांना पन्नास-साठच्या वर कुणी शहाणा माणूस जात नाही. त्या साठला तुझी नवी गाडी झोपलेली असते, तिला काही काम नाही, तुला पण काही काम नाही. पालिओ त्याच साठला पूर्ण जागी असते, अंगानं थोडी झुकते, टायर कुरकुरतात, स्टिअरिंग जड होतं, आणि तुझे दोन्ही हात, दोन्ही पाय, कान सगळे कामाला लागलेले असतात. मजा साठलाच येते म्हणजे लायसन्स पण शाबूत आणि समोरून येणारी एसटी पण शाबूत.

दुसरं म्हणजे इंजिन. तुझ्या गाडीत टर्बो आहे, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबणारा पंखा, त्यामुळे तिला पंधराशे आरपीएमलाच, म्हणजे मिनिटाला पंधराशे फेऱ्यांनाच, पूर्ण ओढ मिळते, म्हणजे तिसरा टाक नाहीतर चौथा टाक, ती निघते. सोयीचं आहे, पण त्यात तू कुठे आलास? पालिओचं १.६ सोळा वॉल्व्हचं इंजिन तीन हजाराच्या खाली रुसून बसतं. म्हणून वळण दिसायच्या आधी ठरवावं लागतं की दुसरा टाकायचा, ब्रेकवर असतानाच टाकायचा, आणि वळणाच्या मध्यापासून हळूहळू ॲक्सिलेटर द्यायचा, चार हजाराच्या पुढे काटा गेला की आवाज बदलतो, नुसता वाढत नाही, बदलतो, आणि मग ती अशी ओढते की वाटतं हे आपण केलं. चुकीचा गिअर टाकला तर गाडी ढिम्म, मागून कुणीतरी इनोव्हावाला हॉर्न देतो, लाज वाटते. जमलं तर श्रेय आपलं, फसलं तर तेही आपलं.

तिसरं स्टिअरिंग. जुन्या गाड्यांत एकतर पॉवर स्टिअरिंग नसायचंच नाहीतर तेलाच्या दाबावर चालणारं असायचं. त्याचा पंप इंजिनच्या बेल्टवर सतत फिरत राहतो आणि पेट्रोल खातो, म्हणून कंपन्यांनी ते काढून इलेक्ट्रिक मोटर बसवली. मोटर काम चोख करते पण रस्त्याची बातमी हातापर्यंत येऊ देत नाही. ताम्हिणीत पावसाळ्यात शेवाळलेला पट्टा आला की जुन्या गाडीत स्टिअरिंग एकदम हलकं पडतं, आणि त्यावरूनच कळतं की टायरनं पकड सोडली. नव्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो, तोवर कॉम्प्युटरनं सगळं निस्तरलेलं पण असतं.

आणि अजून एक बारीक गोष्ट बघ. उद्या तिसऱ्यात चार हजारावर गाडी ने, क्लच दाब आणि ॲक्सिलेटरवरचा पाय काढ. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा लगेच पडत नाही, क्षणभर वरच लटकतो आणि मग उतरतो. धुराचे नियम पाळायला तसं मुद्दाम केलेलं असतं. जुन्या गाडीत पायापासून इंजिनपर्यंत सरळ एक वायर जायची, पाय काढला की काटा खाली. नव्या गाडीत गिअर बदलताना काहीतरी चिकट चिकट वाटतं ना, ते हेच.

हे फक्त आपल्याकडचं नाही. या चटपटीत हॅचबॅकच्या सगळ्या जातीला ज्या गाडीमुळे नाव मिळालं ती फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय १९७६ ला विक्रीला आली, १.६ लिटर, ११० पीएस, वजन जेमतेम ८१० किलो, १७५ मिलिमीटर रुंदीचे बारीक टायर. पाच हजार खपल्या तरी बास असं कंपनीला वाटलं होतं, त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर गेल्या. त्या गाडीच्या आतल्या चौकड्यांच्या सीट आणि गोल्फच्या चेंडूसारखा गिअरचा गोळा गुनहिल्ड लिल्येक्विस्ट नावाच्या बाईंनी डिझाइन केलाय, हे मी मुद्दाम सांगते कारण गाड्यांचं पान बाई कशी काय लिहिते असं विचारणारं एक पत्र मला दर दोन महिन्यांनी येतं. तर तीच गोल्फ जीटीआय २०२५ च्या मेमध्ये आपल्याकडे आली, एक्स-शोरूम ५३ लाख, २६५ पीएस, वजन साडेचौदाशे किलोच्या आसपास, टायर २२५, शून्य ते शंभर ५.९ सेकंद. जुनीला तेवढ्यालाच नऊच्या वर लागायचे. कागदावर नवीनं जुनीला धुतलंय. पण मॅन्युअल गिअर तिच्यात मिळतच नाही, आणि तिची पकड सुटेल अशा स्पीडला पोचायला तुला ट्रॅकवरच जावं लागेल, कोळवणच्या रस्त्याला ते होणे नाही.

तुझी गाडी विकून टाकायची, असं मात्र करू नकोस. मामाच्या एसीचं बघ आधी, आणि काच खाली जात नाही म्हणजे बहुतेक काच वर-खाली करणारा रेग्युलेटर गेलाय, ते काही मोठं काम नाही.

प्रश्न: मॅडम, मी भोसरीला पार्टच्या कंपनीत आहे. लोकांना आवडतंय तर मग हलकी, मोठ्या इंजिनाची, साधी हॅचबॅक कंपन्या परत का काढत नाहीत? का आम्हाला नुसता टचस्क्रीन देतात?

ताई: दादा, तुम्ही पार्ट बनवता, तुम्हाला तर माहीतच असेल, पण बाकीच्यांसाठी सांगते. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाडीची एक्साइज, म्हणजे कारखान्यात बनलेल्या मालावरचा कर, २४ वरून १६ टक्के झाली. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, आणि पेट्रोल इंजिन असेल तर १२०० सीसीच्या आत. झालं, त्या दिवशी आपल्याकडच्या १.३ आणि १.६ पेट्रोल हॅचबॅकचा निकाल लागला. नंतर जीएसटी आला तरी ती रेघ तशीच राहिली, आणि सप्टेंबर २०२५ पासून तर रेघेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४०. आता तुम्हीच सांगा, कोण शहाणा १.६ बसवेल? म्हणून बरेचजण हजार नाहीतर बाराशे सीसीच्या आतलं छोटं इंजिन घेतात आणि वर टर्बो चढवतात. त्यात टाटाच्या अल्ट्रोज रेसरसारखी गाडी निघाली की मला आनंदच होतो, १२० पीएस, सहा गिअर, मॅन्युअल. पण तेही त्याच रेघेच्या आत बसवलेलं.

स्विफ्टचंच बघा. २००५ ची पहिली स्विफ्ट, १.३, चार सिलेंडर, ८७ पीएस. २०१० ला तिथे १.२ आलं. आत्ताची स्विफ्ट तीन सिलेंडर, ८२ पीएस, आणि गंमत म्हणजे वजनाला पहिलीपेक्षा हलकी आहे. म्हणजे 'वजन वाढलं म्हणून मजा गेली' हे जे सगळे म्हणतात ते इथे लागूच होत नाही. आणि पॉवर स्टिअरिंग त्या पहिलीचं पण इलेक्ट्रिकच होतं, म्हणजे माझं वरचं भाषण पण इथे थोडं लंगडं पडतं. फरक इंजिनात आणि गिअरिंगमध्ये आहे, आत्ताची मायलेजसाठी जुळवलीय, वर फिरवली तर ती आपली ओरडते नुसती. पहिलीला मात्र फिरवलेलं आवडायचं.

शिवाय जुलै २०१९ पासून ड्रायव्हर एअरबॅग, रिव्हर्स सेन्सर, सीटबेल्टची पिपाणी आणि ८० ला टुण टुण करणारा इशारा सक्तीचा झाला, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, त्याच वर्षी एप्रिलमध्ये. टुण टुण सोडली तर यातलं एकही काढा असं मी म्हणणार नाही.

आणि वाईट कशाचं वाटतं सांगू, अशा गाड्या आपल्याच उंबऱ्याशी बनत होत्या हो. चाकणला फोक्सवॅगनची पोलो, २०२२ ला बंद. रांजणगावला फियाटची पुंटो, तिची अबार्थ नावाची दमदार आवृत्ती आली २०१५ ला, १४५ घोडे, मॅन्युअल, तेलावरचं स्टिअरिंग, दहा लाखाच्या आत एक्स-शोरूम. किती जणांनी घेतली? सगळे म्हणाले व्वा व्वा काय गाडी आहे आणि जाऊन कॉम्पॅक्ट एसयूव्ही बुक करून आले. कंपन्यांना शिव्या देताना हे पण आठवायचं.

प्रश्न: ताई, नवऱ्यानं तुमचं पान वाचून वाचून २००३ ची पालिओ १.६ घ्यायचं डोक्यात घेतलंय, सव्वा लाख म्हणतायत. आमच्याकडे एक व्हॅगनआर आहे, पार्किंग एकच, मुलं दोन. मी हो म्हणू का? हे आत्ता शेजारी बसून बघतायत मी काय लिहिते ते.
— एक त्रस्त बायको, कर्वेनगर

ताई: शेजारी बसलेत तर त्यांनाच सांगते. भाऊ, मुलांना घेऊन हायवेला ही गाडी काढायची नाही. मी स्वतः माझ्या पालिओत नातवाला बसवत नाही. दार बंद करताना धप्प असा भारदस्त आवाज येतो, त्यावर जाऊ नका, नवले पुलाच्या उतारावर मागून ट्रक आला की दाराचा आवाज कामाला येत नाही. दुसरी गाडी म्हणून, रविवारी सकाळी सहाला, एकट्यानं किंवा बायकोला घेऊन, एवढंच.

घ्यायचीच असेल तर बघताना गाडी थंड असताना बघा, मालक म्हणेल मी गरम करून ठेवतो, त्याला नको म्हणा. पायाखालचं कार्पेट उचलून पत्रा बघा, डिकीत स्टेपनी काढून खाली बघा, गंज तिथे लपतो. कूलंटच्या बाटलीचं झाकण उघडून आतला रंग बघा, गढूळ चहासारखं दिसलं तर सरळ घरी या. हे मी सोसून शिकलेय. एका गॅरेजवाल्यानं माझ्या गाडीत कूलंट म्हणून बिल लावलं आणि नळाचं पाणी भरलं, पाच-सहा महिने मला पत्ता नाही, मग एका दुपारी खंबाटकी चढताना बॉनेटमधून वाफ, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं पॅकिंग, गेलेलं. गाडी टोईंगवर, मी टोईंगवाल्याच्या शेजारी, आणि तो माणूस शिरवळपर्यंत मला सांगतोय की मॅडम आता एक डिझायर घेऊन टाका.

इंजिनाचा खपणारा माल, म्हणजे फिल्टर, बेल्ट, प्लग, हे मिळतं. बंपर, दिवे, आतले प्लास्टिक हे शोधायला लागतं, महिना महिना जातो. शहरात ९-१० चं मायलेज धरा. आणि आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आहे, गाडी त्यासाठी बनलेली नाही, तर पेट्रोलचे जुने रबरी पाइप पहिल्याच आठवड्यात इथेनॉल झेपणारे घालून घ्या. आणि तिला टाकी भरून महिनोनमहिने उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

पार्किंग एकच आहे म्हणता, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते सोसायटीच्या चेअरमनला विचारा, मी तर सतरा वर्षं विचारतेय.

प्रश्न: आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात माझी १९९६ सालची पेजो ३०९ उभी आहे. अंदाजे वीस वर्षं हललेली नाही. वाडा पाडायचा आहे. मुलगा म्हणतो भंगारात द्या. आपले मत कळवावे.

ताई: आजोबा, थांबा. ही गाडी कल्याणला बनायची, प्रीमियरवाल्यांनी काढली होती आणि दोन-चार वर्षांतच सगळं बंद पडलं, त्यामुळे अशा फार उरल्या नाहीत. आणि तिची खासियत मुलाला सांगा. युरोपात पेजोच्याच ज्या २०५ जीटीआयला लोक अजून डोक्यावर घेऊन नाचतात तिच्याच सांगाड्यावर थोडी लांबवून ही ३०९ बेतली होती. ती २०५ साडेआठशे किलोची, वळणात घाबरून पाय उचलला की शेपूट बाहेर टाकायची, शिकलेल्यालाच झेपायची. तुमची १.४, तशी काही पळणारी नाही, पण रक्त तेच.

तिला ढकलून किंवा जंप देऊन चालू करायचा हट्ट मात्र करू नका, नातवंडांना पण करू देऊ नका. आधी टाकी रिकामी करून घ्या, वीस वर्षांच्या पेट्रोलचा वास येईल तो व्हार्निशसारखा. ओळखीच्या मेकॅनिकला सांगून स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर तेल सोडायचं, दोन दिवस तसंच ठेवायचं, मग पान्यानं हातानं इंजिन फिरतंय का बघायचं. फिरलं तर पुढचं बोलू. टायमिंग बेल्ट चांगला दिसला तरी बदलायचाच. ब्रेक सगळे जाम असतील, ते धरूनच चाला. कागदांचं म्हणाल तर पंधरा वर्षांची मुदत कधीच संपलीय, संगम पुलाजवळच्या आरटीओत पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर दोन्ही लागेल, उशिराचं पण भरायला लागेल, आणि त्याआधी गाडी फिटनेस तपासणीला चालू स्थितीत न्यावी लागते. म्हणून आधी इंजिन, मग आरटीओ.

आणि बॉनेट उघडाल तेव्हा पहिल्यांदा एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. वाड्यातली गाडी आहे, उंदरांनी घर केलेलं असणार. पिल्लं असतील तर तेवढी आठ-पंधरा दिवस थांबा.