लोक हसतात तेव्हा उत्तर नेमकं कुणाला द्यायचं?

“मॅडम, उत्तर देऊ की अकाउंटच बंद करून टाकू?” रील्स करणारी जी माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, ती बहुतेक याच प्रश्नात अडकलेली असतात. कुणी लावणी करतं, कुणी द्राक्षबागेची माहिती देतं, कुणी नवराबायकोच्या भांडणाच्या गमती करतं. पन्नास हजार, लाख, दीड लाख फॉलोअर्स. सिनेमातल्या माणसाची टिंगल झाली तर त्याच्यामागे वकील असतो, पीआर सांभाळणारी टीम असते. यांच्याकडे हातातला मोबाईल आणि घरातली चार माणसं असतात, आणि त्या चारांतलंही एखादं हसणाऱ्यांत सामील झालेलं असतं. ओळख लाखभर लोकांची, आधार मात्र एका घराचा. ही अवस्था फार एकटी असते, म्हणून सुनंदाताईंची हकिगत लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुनंदाताई मंगळवेढ्याकडच्या. वय छत्तीस, बारावी झालेल्या, घरची ज्वारीची शेती. लॉकडाऊनमध्ये त्यांनी टिकटॉकवर स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकवर बंदी आणली आणि जमवलेलं सगळं एका रात्रीत गेलं. बाईंनी इन्स्टाग्रामवर पुन्हा पहिल्यापासून मांडलं. शेंगोळी, हुलग्याचं माडगं, दगडी खलबत्त्यातली शेंगाचटणी. फॉलोअर्स नव्वद हजारांच्या घरात गेले. शेंगाचटणी आणि काळ्या तिखटाची पार्सलं पुण्यामुंबईला जाऊ लागली. मुलाची ट्यूशनची फी त्यातून भरली जायची.

मग एका मीम पेजने त्यांचा तूप कढवण्याचा व्हिडिओ उचलला. “लोनी कढत आलं की वरनं पान्याचा हबका मारायचा.” एवढंच वाक्य कापून, तेच तेच पुन्हा वाजवून, खाली ढोलकीचा ठेका लावला. दोन दिवसांत तो तुकडा त्यांच्या कुठल्याही रेसिपीपेक्षा जास्त लोकांनी पाहिला. “आधी शाळेत जा”, “गावठी”, “नाकात बोलते का ही?” अशा कमेंट. काही याहून घाणेरड्या, त्या इथे लिहीत नाही.

त्यांनी काय केलं तेही सांगते, कारण जवळजवळ सगळे याच वाटेने जातात. पहिल्या संध्याकाळी प्रत्येक कमेंटला उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी “मला ण म्हनता येतो” असं सांगणारा व्हिडिओ टाकला, त्यातलाच ‘म्हनता’ लोकांनी उचलला. तिसऱ्या रात्री अकरा वाजता लाइव्ह गेल्या आणि रडल्या. सकाळी रडतानाची क्लिप फिरत होती. मग अकाउंट प्रायव्हेट केलं, त्याबरोबर पार्सलच्या ऑर्डरी थांबल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा “सगळ्यांवर केस करायची” इथपर्यंत आल्या होत्या. मोबाईल पालथा घालून टेबलावर ठेवला होता आणि दर मिनिटाला त्यावर हात जात होता.

“मी काय चोरी केली का ओ मॅडम? माझी पार रानू मंडल केली.”

रानाघाट स्टेशनवर गाणाऱ्या रानू मंडल यांना 2019 मध्ये देशाने आधी डोक्यावर घेतलं आणि काही महिन्यांतच त्यांच्या मेकअपच्या फोटोवरून तोच देश हसत सुटला. सुनंदाताईंनी तेव्हा तो फोटो घरच्या ग्रुपवर पुढे पाठवला होता. हे त्यांनी आपणहून सांगितलं आणि बराच वेळ गप्प बसल्या.

अशा वेळी घरचे म्हणतात, लक्ष देऊ नको. सल्ला प्रेमापोटी असतो, पण तो पाळता येत नाही. 2003 मध्ये नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. कॉम्प्युटरवरच्या चेंडूफेकीच्या खेळात एका माणसाला बाकीचे चेंडूच देईनासे होतात. त्या वेळी त्याच्या मेंदूत जो भाग जागा झालेला दिसला, तो शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडलेला आहे. आणि तो निव्वळ एक खेळ होता, समोरचे अनोळखी होते. इथे तर हजारो लोक एका बाईला तिच्या जिभेवरून वेगळं काढत होते. चटका बसल्यावर हात मागे येतो तसं उत्तर बोटांतून बाहेर पडतं. उत्तर देणारा मूर्ख नसतो, त्याला दुखलेलं असतं.

मानसशास्त्रात एक जुना दिलासा आहे: आपल्याला वाटतं तितकं लोकांचं आपल्याकडे लक्ष नसतं. थॉमस गिलोविच यांनी 2000 च्या सुमाराला लाज वाटेल असा टी-शर्ट घातलेल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग करून ते दाखवलं. व्हायरल झालेल्या माणसाला हा दिलासा देऊ नये असं माझं ठाम मत आहे. लोकांनी सुनंदाताईंना पाहिलं होतं. ते नाकारलं तर आपल्यावरचा विश्वास तिथेच संपतो.

पहिल्या भेटीत मी रील्सबद्दल फार बोललेच नाही. झोप किती, जेवण किती, फोन कुठे ठेवता, हे विचारलं. आणि सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटला का?” हा प्रश्न विचारल्याने विचार डोक्यात येतो असा गैरसमज आहे. तसं होत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्या म्हणाल्या, “विहिरीकडं बघत उभी ऱ्हायले एकदा. पोराची हाक आली.” त्याच दिवशी नवऱ्याला आत बोलावलं. रात्री त्यांना एकटं ठेवायचं नाही, फोन रात्री नवऱ्याच्या उशाशी, आणि मन फारच बिघडलं तर 14416 वर टेलिमानसला फोन करायचा, असं ठरलं. हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. दोन दिवसांनी त्यांना सिव्हिलमधल्या मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवलं.

पुढच्या भेटीत एक कोरा कागद दिला. म्हटलं, “तुम्हाला उत्तर द्यायचंय ना? ते ऐकून कुणाला पटायला हवं, त्यांची नावं लिहा.” बाईंनी पेन धरलं, सोडलं, परत धरलं. शेवटी चार नावं आली. धाकटी जाऊ. वडील. मुलाच्या वर्गशिक्षिका. आणि मुलगा. मीम पेजवाला त्या कागदावर नव्हता, कमेंट करणाऱ्यांपैकी एकही नव्हता.

खरी जखम तिथे होती. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती क्लिप जावेने टाकली होती, पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे. मुलाला शाळेत “ए लोनी” म्हणून हाक मारत होते आणि त्याने डबा न्यायचं सोडलं होतं. अनोळखी हजार लोकांचं हसणं त्या एकवेळ सोसू शकल्या असत्या. ते हसू आपल्या माणसांच्या तोंडावर दिसलं, ते सोसवलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत थोडं खोदलं की हेच निघतं. मग माणूस रात्री अकराला लाइव्ह जाऊन लाखभर लोकांना जे सांगतो, ते त्याला खरं तर शेजारच्या खोलीत झोपलेल्या कुणाला तरी सांगायचं असतं.

म्हणून जावेशी बोलायचं ठरलं, समोरासमोर, ग्रुपवर नाही. आम्ही तालीम केली. मी जाऊ झाले. “अगं ताई, मज्जा केली गं, एवढं काय मनाला लावून घेतेस?” मी असं म्हटलं की सुनंदाताई दरवेळी माफी मागायच्या सुरात यायच्या. चार-पाच वेळा अडखळल्यावर त्यांना त्यांचं वाक्य सापडलं: “तू हसलीस त्याचं मला लई लागलं. ग्रुपवरनं ते काढ.” दोनच वाक्यं. कारण नाही, खुलासा नाही. घरी जाऊन त्यांनी तेवढंच म्हटलं. जाऊ आधी फणकारली, दोन दिवस बोलली नाही, मग क्लिप काढली. आजही दोघींत पूर्वीसारखं नाही. वर्गशिक्षिकेकडे नवरा गेला. बाईंनी वर्गात कुणाचं नाव न घेता विषय काढला आणि चिडवणं बरंच कमी झालं. वडिलांनी तर क्लिप पाहिलीच नव्हती.

उच्चारांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. सुनंदाताई घरी तासन्‌तास “पाणी, लोणी, आणि” घोकत होत्या. नव्या व्हिडिओत त्या प्रत्येक ‘ण’च्या आधी थबकत. फोडणी जळत होती आणि बाई शब्द जुळवत होत्या. मला ते बघवेना. सोलापूर काय, मराठवाडा काय, विदर्भ काय, लाखो घरांत असंच बोलतात आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. लोक तुपाच्या कृतीवर हसले नव्हते, कृती बरोबरच होती. ते त्यांच्या गावावर, शाळेवर, घरावर हसले होते. हे मी त्यांना याच शब्दांत सांगितलं, कारण टिंगल कशाची झाली हे नीट कळलं नाही तर माणूस स्वतःला नको तिथे तासत बसतो. शिकायचंच असेल तर हौसेने शिका, भीतीने नको, एवढंच मी म्हटलं. त्यांनी घोकणं सोडलं.

नवऱ्याने वेगळी कल्पना काढली. लोक हसतातच आहेत तर ‘लोनी’ नावानेच ब्रँड काढू, आपणच आपल्यावर हसू. हे काही जणांना साधतं. 2017 मध्ये ढिंचॅक पूजाच्या गाण्यांची देशभर टर उडाली, पण पूजा थांबली नाही आणि त्याच वर्षी बिग बॉसच्या घरात जाऊन आली. मी या वाटेच्या विरुद्ध नाही. पण ती ज्याची त्याने निवडायला हवी, इतरांनी ढकलून नव्हे. सुनंदाताईंना विचारलं, “मुलाच्या वर्गातल्या पोरांसमोर ते नाव लावून उभ्या राहाल?” त्यांनी लगेच मान हलवली. विषय संपला.

केसचं काय, हेही सगळे विचारतात. नुसती थट्टा किंवा अपमान वाटणारी कमेंट म्हणजे गुन्हा, असं अनेकांना अजून वाटतं. ज्या कलमाखाली अशा पोस्टवर सरसकट कारवाई व्हायची, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच रद्द केलं. पण धमकी, सतत पाठलाग करणारे मेसेज, स्त्रीच्या अब्रूवर हात घालणारे शब्द, फोटो बिघडवून फिरवणं, या गोष्टींवर कारवाई होते. सुनंदाताईंच्या इनबॉक्समध्ये असे दोन मेसेज होते. ते डिलीट करायच्या बेतात होत्या, मी थांबवलं. प्रोफाइलच्या लिंकसकट, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घेतले आणि भावाला बरोबर घेऊन त्यांनी सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. बाकी शेकडो कमेंटवाल्यांना सोडून दिलं.

एका दुपारी आम्ही दोघींनी बसून फोन साफ केला. इन्स्टाग्राममध्ये नको असलेले शब्द भरून ठेवले की त्या कमेंट आपोआप लपतात. टिंगल करणारे बहुतेक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, त्यामुळे एकेका शब्दाची पाच-सहा स्पेलिंगं भरावी लागली. ओळखीतल्या टोमणेखोरांना ब्लॉक न करता ‘रिस्ट्रिक्ट’ केलं. त्यांची कमेंट फक्त त्यांनाच दिसते आणि आपण अडवलंय हे त्यांना कळत नाही, त्यामुळे भावकीत नवं भांडण होत नाही. उरलेल्या कमेंट महिनाभर नवऱ्याने वाचायच्या आणि ऑर्डरीच्या तेवढ्या सांगायच्या, असं ठरलं.

अकाउंट पुन्हा खुलं केलं. काही हजार फॉलोअर्स गेले, ऑर्डरी हळूहळू आल्या, सगळ्या नाही. तुपाचा मूळ व्हिडिओ त्यांनी काढला नाही. गेल्या दिवाळीत तीच क्लिप कुणीतरी परत वर आणली, दोन रात्री झोप नव्हती, पण लाइव्ह गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. मुलगा आता रील्समध्ये यायचं म्हणत होता. येऊ द्यावं का? आम्ही तिघं बसून बोललो. मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याचंही ऐकायचं होतं. दहावी होईपर्यंत हात दिसतील, आवाज येईल, चेहरा नाही, असं त्यानेच सुचवलं आणि आईने ते मान्य केलं.