गावच्या घराचं काम कोणाला द्यावं: आर्किटेक्ट, ठेकेदार की सगळं करून देणारी कंपनी?

प्रश्न: ताई, आम्ही ठाण्यात राहतो. चिपळूण तालुक्यातल्या गावी सासऱ्यांच्या जागेवर तळमजल्याचं १,५०० चौरस फुटांचं घर बांधायचं ठरवलंय. यजमान ५४ वर्षांचे आहेत, ४ वर्षांनी निवृत्त होतील. घरासाठी ३० लाख बाजूला आहेत, त्यातले १२ लाख इक्विटी म्युच्युअल फंडात. वर १५ लाखांचं गृहकर्ज घेऊ. तीन प्रस्ताव आलेत. चिपळूणचे आर्किटेक्ट ७ टक्के फी मागतात. त्यांच्या अंदाजपत्रकात बांधकाम ३२ लाखांत बसतं, पण काम मजुरीने द्यायचं आणि माल आम्ही घ्यायचा. गावातला ठेकेदार यजमानांच्या भावकीतला आहे. मालासकट २,००० रुपये फूट, नकाशा फुकट. पुण्याची एक कंपनी नकाशापासून किल्ली हातात देईपर्यंत सगळं करते. २,६०० रुपये फूट अधिक जीएसटी, १० महिन्यांत ताबा, १५ टक्के आगाऊ. या महिनाअखेरपर्यंत बुकिंग केलं तर त्यांची सवलत आहे. कमी पडले तर पीएफमधून काढू, असं यजमान म्हणतात. काय करावं?

उत्तर: माझं मत आधीच सांगते. आर्किटेक्ट चिपळूणचेच घ्या, पण काम मजुरीने देऊ नका. मालासकट काम करणारा ठेकेदार आर्किटेक्टच्या देखरेखीखाली नेमा, घर १,५०० ऐवजी १,३०० फुटांचं करा आणि पीएफला हात लावू नका.

पण त्याआधी एक गोष्ट. जागा सासऱ्यांची आहे असं तुम्ही लिहिलंत. सातबाऱ्यावर किती नावं आहेत? कोकणात सामाईक सातबारा घरोघरी आहे. काका, आत्या, मुंबईला गेलेले चुलतभाऊ, सगळ्यांची नावं एकाच उताऱ्यावर असतात. अशा जागेवर बँक सहजासहजी कर्ज देत नाही. वाटप किंवा सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती मागते, आणि उद्या भावकीत बिनसलं तर तुमचे ४०-४५ लाख दुसऱ्यांच्या हिश्शात अडकतात. जागा सासऱ्यांच्या एकट्याच्या नावावर असली तरी घर यजमानांच्या नावावर कसं येणार, हे वकिलाकडून कागदावर करून घ्या. हे होईपर्यंत तिघांपैकी कोणालाही एक रुपया देऊ नका.

आता दरांकडे येऊ. चौरस फुटाचा दर ऐकायला सोपा वाटतो, पण कोणता फूट आणि त्यात काय काय, हे त्यातून कळत नाही. पडवी आणि ओटा पूर्ण मोजणार की अर्धा? जोत्याची उंची किती धरली आहे? भावकीतल्या ठेकेदाराचं जे एक पान तुम्ही पाठवलंत, त्यात जमिनीचं सपाटीकरण, सेप्टिक टँक, बोअरवेल आणि गडगा (कुंपणाची दगडी भिंत) कुठेच नाही. स्लॅबवरचं कौलांचं किंवा पत्र्याचं छप्परही नाही, आणि कोकणातल्या पावसात ते हौसेपेक्षा गरजेचंच आहे. माझ्या हिशेबाने बाहेरची कामं ५ लाखांच्या घरात आणि छप्पर ३ लाखांच्या आसपास जाईल. म्हणजे ३० लाखांचं काम ३८ लाखांवर येतं. पुण्याच्या कंपनीचे ३९ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७ लाख २ हजार, एकूण ४६ लाख. त्यांच्या यादीतही बाहेरची कामं वेगळीच आहेत, म्हणजे ५१ लाख. तुमच्याकडे आहेत ४५.

तुमची खरी अडचण मात्र दराहून वेगळी आहे. तुम्ही दोघं ठाण्यात असणार आणि घर तिकडे उभं राहणार. पायात किती लोखंड पडलं, सिमेंटचं प्रमाण काय होतं, स्लॅबवर किती दिवस पाणी मारलं, हे तुमच्या वतीने कोण बघणार? ज्याचा नफा बांधकामात आहे त्याच्याकडेच ते तपासायचंही काम दिलं, तर तुमच्या बाजूने साइटवर कोणीच उरत नाही. तिन्ही पर्याय मी या एकाच प्रश्नावर घासून पाहते.

भावकीतला ठेकेदार प्रामाणिक असेल, त्याचा हातही चांगला असेल. गावात पाच घरं बांधलेल्या माणसाला चिरा (जांभा दगड) कोणत्या खाणीचा टिकतो हे पुण्याच्या इंजिनिअरपेक्षा जास्त कळतं. पण ‘नकाशा फुकट’ म्हणजे तुमच्या घराचं संरचना डिझाइन, म्हणजे पाया, खांब आणि लोखंड किती लागेल याचा हिशेब, कोणी केलेलं नाही. चिपळूण कोयना धरणाच्या शेजारी आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तिथल्या जुन्या माणसांना आजही आठवतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात काय करून गेलं, ते तर तुम्ही स्वतः पाहिलं असेल. तुमची जागा नदीच्या किंवा पऱ्याच्या (ओढ्याच्या) किती जवळ आहे ते मला माहीत नाही, पण जोतं किती उचलायचं हे ‘आपल्याकडे दोन फूटच घालतात’ या वाक्यावर ठरता कामा नये. शिवाय भावकीतल्या माणसाशी पैशावरून वाद झाला की तो घरात येतो. भिंत ओळंब्यात (सरळ उभी) नाही म्हणून बिल अडवायचं, तर गणपतीत समोरासमोर बसायचं कसं? यजमानांना त्याला काम द्यायचंच असेल तर जरूर द्या. मात्र बिल तपासून सही करणारा माणूस तिसरा असू द्या. त्याने नातंही टिकेल.

सगळं करून देणाऱ्या कंपनीचा एक फायदा मी मनापासून मान्य करते. तिथे जबाबदारी एकाची असते. आर्किटेक्ट ठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि ठेकेदार आर्किटेक्टकडे, हा प्रकार होत नाही. परदेशात राहणाऱ्या, दर महिन्याला येऊ न शकणाऱ्या आणि हातात पैसा मोकळा असलेल्या कुटुंबाला मी हा मार्ग सुचवतेही, मात्र स्वतःचा स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमण्याच्या अटीवर. कारण कंपनीतला डिझायनर कंपनीचा पगार घेतो. खर्च वाचवायला लोखंड कमी केलं किंवा टाइल्सची प्रत उतरवली, तर तो तुम्हाला फोन करून सांगणार नाही. अशा कंपन्यांमध्ये बऱ्याचदा प्रत्यक्ष काम स्थानिक टोळीच करते, तेव्हा तुमच्या कामावर कोण असेल हे विचारा. १० महिन्यांचा वायदाही कॅलेंडर समोर ठेवून बघा. जानेवारीत सुरू केलेलं काम जूनपर्यंत छपराखाली आलं नाही, तर पुढचे चार महिने उघड्या भिंती पाऊस पितील. आगाऊ मागितलेले १५ टक्के म्हणजे जीएसटीसकट जवळजवळ ७ लाख. बँक कर्जाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे सोडते आणि त्याआधी तुमचा वाटा घालायला सांगते, त्यामुळे हे ७ लाख थेट तुमच्या बाजूला ठेवलेल्या पैशांतून जातील. तेव्हा जागेवर एक चिराही लागलेला नसेल.

राहिला आर्किटेक्टचा प्रस्ताव. मजुरीने काम दिलं की ठेकेदाराचा मालावरचा नफा वाचतो, आणि स्वतःच्या एका घरासाठी निव्वळ मजुरीच्या करारावर जीएसटीही लागत नाही. गावात राहणाऱ्या, रोज साइटवर चहा प्यायला जाणाऱ्या माणसाला हा मार्ग चांगला. पण ठाण्यातून वाळूची गाडी, सिमेंटच्या गोण्या आणि एप्रिल-मेमध्ये टँकरचं पाणी मागवत बसणं तुम्हाला झेपणार नाही. माल वेळेवर नसला की गडी बसून राहतात, त्यांचे खाडे तुमच्या अंगावर येतात आणि हिशेब कुठे गळला ते कळत नाही. म्हणून मालासकट ठेका द्या, पण फुटाच्या दराने न देता बाबवार दराने. खोदाई, पाया, चिऱ्याचं बांधकाम, स्लॅब, गिलावा, लाद्या, प्रत्येकाचा वेगळा दर. जेवढं झालं तेवढं मोजायचं आणि तेवढेच पैसे. ठेकेदाराचा नफा आणि कर धरून ३२ चे ३४ लाख होतील असं मी धरते. दर मागवताना ‘जीएसटीसकट’ असं लिहूनच घ्या. आर्किटेक्टच्या अंदाजपत्रकात कौलांचं छप्पर धरलेलं आहे, ते मी तपासलं.

आर्किटेक्टच्या फीबद्दल एक सूचना. टक्केवारीने फी म्हणजे खर्च वाढला की फीही वाढते. मी त्यांच्या हेतूवर शंका घेत नाही, पण ३२ लाखांचे ७ टक्के, म्हणजे सुमारे सव्वादोन लाख, ही रक्कम एकदाच ठोक ठरवा आणि संरचना डिझाइन त्यातच आहे का ते विचारा. त्यांचा कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक मागून कौन्सिलच्या यादीत पडताळून घ्या. १९७२ च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी फक्त नोंदणी असलेल्यालाच लावता येते. नकाशा इतरांनीही काढायला मनाई नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे, म्हणून कोण काय आहे ते तुम्हीच विचारायला हवं. आणि आर्किटेक्टच्या भेटी म्हणजे रोजची देखरेख नव्हे. पायाचं लोखंड बांधल्यावर, स्लॅबच्या आदल्या दिवशी, असे ते ठरावीक वेळी येतील. मधल्या दिवसांसाठी तालुक्यातला एखादा डिप्लोमा झालेला तरुण इंजिनिअर महिना १५,००० वर ९ महिने ठेवा. १ लाख ३५ हजार होतात. तुमच्या अख्ख्या बजेटमधला हा मला सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च वाटतो. रोज संध्याकाळी त्याच्याकडून फोटो आणि आलेल्या मालाची नोंद व्हॉट्सअॅपवर मागवा.

बेरीज करू. बांधकाम ३४ लाख, आर्किटेक्ट सव्वादोन, देखरेख १.३५, बाहेरची कामं ५. झाले ४२ लाख ६० हजार. वर अडीअडचणीला १० टक्के ठेवायलाच हवेत. खोदताना कातळ लागला तर तेवढ्यानेही दमछाक होते. म्हणजे ४६ लाख ८६ हजार. तुमच्या ४५ लाखांत हे बसत नाही, आणि इथेच यजमानांना पीएफ आठवतो. त्याऐवजी २०० फूट कमी करा. ३४ लाखांचा १,५०० फुटांवर पडणारा दर फुटाला २,२६७. त्या दराने साडेचार लाख आणि त्यावरची राखीव रक्कम, मिळून सुमारे ५ लाख वाचतात. ४२ लाखांत घर होतं. कर्ज १५ ऐवजी १२ लाख पुरतं, ८.५ टक्के व्याज आणि १० वर्षं धरली तर हप्ता १८,६०० वरून १४,९०० वर येतो. यातली ६ वर्षं निवृत्तीनंतरची आहेत, ताई. दर महिन्याचे ते ३,७०० तेव्हा मोठे वाटतील. दोघांना राहायला आणि मे महिन्यात नातेवाईक आले तर पथारी घालायला १,३०० फूट पुरतात.

करार लेखी आणि मुद्रांकावर करा. पुष्कळांना वाटतं की काही बिघडलं तर महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण, आहे. त्याचा कायदा विक्रीसाठी बांधणाऱ्या विकसकांना लागू आहे. स्वतःच्या जागेवर स्वतःसाठी घर बांधून घेताना त्यातली ५ वर्षांची दोषदुरुस्तीची हमी तुम्हाला आपोआप मिळत नाही. ती करारात लिहून घ्यावी लागते. ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, पण तिथेही बिलं आणि बँकेतून दिलेले पैसे हाच पुरावा. म्हणून ‘बिल नको असेल तर कमी करतो’ याला नाही म्हणा. आगाऊ ५ टक्क्यांच्या वर देऊ नका, पुढची रक्कम मोजमाप झाल्यावर आणि आर्किटेक्टच्या सहीनंतरच. प्रत्येक बिलातून ५ टक्के मागे ठेवा आणि घराने एक पूर्ण पावसाळा काढल्यावर, ऑक्टोबरमध्ये, गळती नाही हे बघून सोडा. जादा काम दर ठरवून लेखी मान्य केल्याशिवाय सुरू होणार नाही, हेही कलम हवंच.

बिलं आणखी एका कारणासाठी जपा. १२ लाखांचे फंड विकून आलेली पूर्ण रक्कम घराच्या बांधकामात घातली, तर दीर्घकालीन नफ्यावरचा कर वाचू शकतो. जाणकार याला ५४एफची सूट म्हणतात. विकल्या दिवशी तुमच्या नावावर एकाहून जास्त घर नसावं आणि नवं घर ३ वर्षांत पूर्ण व्हावं, अशा अटी आहेत. फंड आणि ठाण्याची सदनिका कोणाच्या नावावर आहे ते सीएला दाखवा, मगच विका. आणि विकायचे ठरले की एकदम विका. काम सुरू असताना बाजार पडला तर स्लॅब थांबवता येत नाही.

पुण्याच्या कंपनीची महिनाअखेरची सवलत जाऊ द्या. आत्ता पाऊस सुरू आहे, तसंही ऑक्टोबरपर्यंत खोदाई होणार नाही. या आठवड्यात तलाठ्याकडून ताजा सातबारा काढा. पुढचे तीन महिने नकाशा, संरचना डिझाइन आणि बाबवार अंदाजपत्रकाला द्या. तेच अंदाजपत्रक भावकीतल्या ठेकेदारासह तीन ठेकेदारांना पाठवून बंद पाकिटात दर मागवा. आलेले तिन्ही दर मला पाठवा. कर्जाची रक्कम आपण त्यानंतरच पक्की करू.