असूया, मत्सर आणि ‘भार्यामीर्ष्यति’

आपल्या माणसाची तिसऱ्याशी जवळीक पाहून मनात जे जळते, त्याला असूया म्हणावे की मत्सर, असा प्रश्न आला आहे. मत्सर म्हणावे. ‘सवतीमत्सर’ मराठीत पूर्वापार आहे, तेव्हा नवे काही शोधायला नको. ‘थोडी असूया म्हणजे प्रेमाची पावती’ अशी वाक्ये हल्ली सतत कानी पडतात आणि दर वेळी खटकतात. ‘अक्षान्तिरीर्ष्यासूया तु दोषारोपो गुणेष्वपि’ असे सांगून अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने भेद केव्हाच केला आहे: सहन न होणे ही ईर्ष्या, गुणांतही दोष काढणे ही असूया. शेजारच्या मुलीला ९५ टक्के मिळाल्यावर ‘पेपरच सोपे होते’ म्हणणारा असूयेने बोलतो; त्यात प्रेम कुठे आले?

खरा ऐवज ईर्ष्येत आहे. पाणिनीच्या ‘क्रुधद्रुहेर्ष्यासूयार्थानां यं प्रति कोपः’ (१.४.३७) या सूत्राप्रमाणे ज्याच्यावर कोप, त्याची चतुर्थी विभक्ती होते: देवदत्ताय ईर्ष्यति, म्हणजे तो देवदत्तावर जळतो. काशिका ही पाणिनीच्या सूत्रांवरची टीका येथे प्रत्युदाहरण, म्हणजे नियम जिथे लागत नाही असे उदाहरण, देते: ‘भार्यामीर्ष्यति, मैनामन्यो द्राक्षीत्’. तिला दुसऱ्या कोणी पाहू नये म्हणून तो जळतो; कोप तिच्यावर नाही, म्हणून भार्या द्वितीयेत, म्हणजे कर्माच्या विभक्तीत. हे वाक्य केवळ विभक्तीचा अपवाद म्हणून शिकवून पुढे जाणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. कोपातून सुटलेली भार्या मोकळी होत नाही, ती कर्म होते, म्हणजे राखून ठेवायची वस्तू होते, आणि प्रतिस्पर्ध्याला नावसुद्धा नसते, तो नुसता ‘अन्य’ असतो. प्रेमातल्या जळण्यात मालकी किती आणि प्रेम किती, हा वाद त्या एका द्वितीयेत सामावला आहे, असे माझे ठाम मत आहे.

मराठीने मात्र ईर्ष्येची ‘ईर्षा’ करून तिला शर्यतीत आणि निवडणुकीत धाडले. ‘ईर्षेला पेटला’ म्हटल्यावर कोणाला प्रियकर आठवत नाही. ‘तो तिच्यावर जळतो’ म्हणावे, तर तिचेच यश त्याला बघवत नाही असा अर्थ होतो. ‘त्याला तिच्या मित्राचा मत्सर वाटतो’ हे शुद्ध आहे, पण त्यात ती मित्राची ओळख सांगण्यापुरतीच उरते. म्हणून मी ‘तिच्यावरून तो त्याचा मत्सर करतो’ असे लिहितो. तिघेही वाक्यात आपापल्या जागी राहतात.