मेटा टॅगमध्ये कीवर्ड भरूनही साइट गूगलवर का दिसत नाही?

फोंडा तालुक्यातल्या तुमच्या होमस्टेच्या साइटवर कीवर्ड टॅगात (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची ओळ, म्हणजे एक मेटा टॅग) 'गोवा, बीच, स्वस्त रूम' असे पन्नास शब्द कोंबलेत, तरी साइट सापडत नाही, असं तुम्ही म्हणताय. तो टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने २००९ सालीच सांगून टाकलंय. खुशाल काढून टाका.

आधी पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडून रोबोट्स टॅग बघा; पान शोधात दाखवायचं की नाही, हे तो गूगलला सांगतो. माझ्या मावसभावाच्या म्हापशातल्या काजूच्या दुकानाची साइट चार महिने गायब होती. डिझायनरने काम चालू असताना 'नोइंडेक्स' (म्हणजे 'हे पान शोधात दाखवू नको') टाकलेलं, ते काढायचंच विसरला! तसं असेल तर ती ओळ उडवा आणि सर्च कन्सोलमधून (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) पान पुन्हा तपासायला सांगा.

मग टायटल, म्हणजे शोधनिकालात दिसणारं पानाचं शीर्षक. (काटेकोर बोलायचं तर तो मेटा टॅग नव्हे, पण वजन त्यालाच.) प्रत्येक पानावर नुसतं 'होम' नको, 'मंगेशीजवळ होमस्टे, फोंडा, गोवा' असं लिहा. पर्यटक इंग्रजीत शोधतात, तेव्हा इंग्रजी पानाला इंग्रजी टायटल.

डिस्क्रिप्शन टॅगने (पानाची थोडक्यात ओळख लिहायचा मेटा टॅग) क्रमांक वाढत नाही, पण निकालाखाली तो मजकूर दिसू शकतो, आणि माणूस तो वाचून क्लिक करतो. 'उत्तम सेवा, वाजवी दर' कोण वाचणार? त्यापेक्षा 'देवळापासून चालत दहा मिनिटं, दोन खोल्या, घरचं शिवराक जेवण, अंगणात गाडी लावायला जागा' असं लिहा. गूगल कधीकधी ते डावलून पानातलंच वाक्य उचलतं, म्हणून पानावरही हीच माहिती नीट हवी.