गिअर उशिरा पडतो? आधी हे बघा

भाऊ, लगेच गिअरबॉक्स खोलायला देऊ नका. आधी तुमच्या गाडीत कोणता ऑटोमॅटिक आहे ते बघा: टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून पोचवणारा), सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी बेल्टवर चालणारा), डीसीटी (दोन क्लचचा) की एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर यंत्रणा स्वतः सांभाळते). चौघांचा स्वभाव वेगळा. एएमटीत गिअर बदलताना झटका बसतोच, तो बिघाड नव्हे.

मग इको मोड बंद करा. इकोत पेट्रोल वाचवायला गाडी लवकर वरच्या गिअरवर जाते, म्हणून वर्धा रोडवर ट्रक ओलांडताना पाय दाबला तरी ती क्षणभर अडते. स्पोर्टवर टाकून तोच रस्ता पुन्हा चालवा. फरक पडला तर गिअरबॉक्स बहुतेक ठीक आहे.

ड्राय क्लचचा, म्हणजे क्लच तेलात न बुडालेला, डीसीटी असेल तर नागपूरचा मे महिना जपून काढा. ४५ अंशांत सीताबर्डीच्या गर्दीत इंच-इंच सरकत राहिलं की क्लच तापतो. माझ्या गाडीत असंच झालं होतं. पडद्यावर तापमानाची सूचना आली आणि मी सावलीत पंधरा मिनिटं थांबलो. तेव्हापासून पुढे गाडीभर जागा होईपर्यंत ब्रेक सोडत नाही. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरणं तर अजिबात नको.

तरीही डी (ड्राइव्ह) टाकल्यावर गाडी उशिरा उचलत असेल किंवा आरपीएम (इंजिनचे फेरे) चढून वेग वाढत नसेल, तर स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचून घ्या, सॉफ्टवेअर अपडेट विचारा. गिअरबॉक्सचं ऑइल काळं, जळकट वासाचं असेल तर बदला, पण मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. सीव्हीटीत साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नेहमीचं ऑइल) ओतलं तर बेल्ट घसरून गिअरबॉक्स कामातून जाऊ शकतो.